मुसल्लमच्या चेहऱ्याआड

रजब ३, बुधवार

मी भित्रा माणूस आहे, हे पहिल्याच पानावर लिहून टाकतो, पुढे लपवत बसायला नको. अकरा वर्षं मी शेख रुमैथ यांचा लेखनिक आहे. खोर सिद्राच्या किल्ल्यातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र माझ्या अक्षरात जातं, आणि आत येणारं माझ्या आवाजात वाचलं जातं, कारण शेखांना वाचता येत नाही. दिवसभर ‘आम्ही कळवितो’, ‘आम्हांस संतोष झाला’ लिहून बोटं आखडतात. त्या ‘आम्ही’मध्ये मी कुठेच नसतो. म्हणून ही वही. वहीवर इंग्रजी साल १९३२ छापलं होतं, त्यावर काट मारून मी आपलं हिजरी १३५१ घातलं.

लिहायला बसलो तो मात्र भीतीपायी. कालपासून इंग्रजांची युद्धनौका खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून उभी आहे आणि तिच्या तोफा किल्ल्याकडे आहेत. हाजी मन्सूर म्हणाला, भरतीने जहाज फिरतं, त्याबरोबर तोफा फिरतात, त्यात काय एवढं. दुपारी ओहोटी लागली, जहाज फिरलं, तोफा किल्ल्याकडेच. मी तीनदा गच्चीवर जाऊन पाहिलं.

हा हाजी मोत्यांचा व्यापारी, आपल्यातलाच, पण या किनाऱ्यावर इंग्रजांचं काम बघतो. त्यानेच त्यांचं पत्र आणलं. खाडीपलीकडचं खारवट मैदान त्यांना हवंय. तिथे त्यांची विमानं उतरणार, शेजारी तेलाचं कोठार होणार. शेखांनी त्याला कहवा पाजला आणि ‘कळवतो’ म्हणाले. शेखांचं ‘कळवतो’ म्हणजे ‘नाही’. हाजीला ते माहीत आहे, म्हणूनच तो हसत गेला, आणि मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

रजब ६, शनिवार

आज इंग्रजांचा साहेब स्वतः आला. उन्हाने मान लालबुंद झालेली, अरबी आपल्यासारखीच बोलतो, फक्त घाई करतो. कहव्याचे तीन पेले होईपर्यंतही दम नाही. म्हणाला, मैदान तुमचं, विमानं आमची, भाडं देऊ, अडचण काय?

शेखांनी अशी काही अडचण काढली की मी मनातल्या मनात त्यांचे हात चुंबले. ते म्हणाले, मैदान माझं खरं, पण विमान काही माझ्या मैदानापुरतं उडत नाही. पलीकडे वाळू सुरू होते, ती बनी सुवैर टोळीची. त्यांच्या मुलखातून परका माणूस जातो तो त्यांच्यातल्या कुणाला तरी सोबती घेऊन, त्याच्या चेहऱ्याआड. सोबती नसेल तर त्याला लुटलं तरी दोष नाही, मारलं तरी नाही. तुमच्या विमानाला सोबती कोण?

साहेब हसला. म्हणाला, शेख, ते वर असतं, पाचशे हात वर. शेख म्हणाले, वाळू ज्याची, तिच्यावरची सावलीही त्याचीच. बैठकीतले सगळे माना डोलवायला लागले. मला वाटलं, संपलं, आता जहाज जाईल.

पण साहेबाने वहीत काहीतरी खरडलं आणि विचारलं, मग असा सोबती मिळेल का? शेख दाढी कुरवाळत बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आपल्या गावात बनी सुवैरचं कुणी आहे का रे, सालमीन?’

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, ‘माझा मेहुणा आहे की.’

शेख म्हणाले, बघा, किती हुशार लेखनिक आहे माझा, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्या बैठकीसमोर म्हणाले. खरं सांगायचं तर छाती फुगली माझी.

रजब ७, रविवार

रात्रभर डोळा लागला नाही. छाती केव्हाच उतरली.

मुसल्लमबद्दल लिहितो. शम्मा माझी एकुलती बहीण. तिचा पहिला नवरा मोत्यांसाठी बुडी मारायला गेला तो वर आलाच नाही. चार वर्षं ती घरात मुक्यासारखी वावरली. मग हा बदू उंट विकायला आला, आमच्या आडाचं पाणी प्याला आणि आठ दिवसांनी तिला मागणी घालायला परत आला. मी म्हटलं, वाळवंटातला माणूस, आज आहे उद्या नाही. पण ती हो म्हणाली. तो माझ्या अंगणात राहतो, छपराखाली झोपत नाही, दिवसाकाठी दहा शब्द बोलत असेल. मला ‘शम्माच्या भावा’ म्हणतो, शेखांना नुसतं ‘रुमैथ’ म्हणतो, आणि माझ्या चांगल्या चटईवर उंटाचं खोगीर ठेवतो. लाख वेळा सांगितलंय. पण तो आल्यापासून शम्मा भाकरी थापताना गुणगुणते. म्हणून चटईचं मी पुढे ताणत नाही.

रजब ११, गुरुवार

आपल्या गावच्या दोन नावा नौकेने अडवल्या. तपासणी, म्हणे. एकीवर बसऱ्याचा तांदूळ आहे. बाजारात आजच भाव चढला, आणि बायका किल्ल्याच्या दारात येऊन मोठ्याने बोलायला लागल्या, शेखांना ऐकू जाईल अशा.

हाजी करारनामा घेऊन आला. अरबीत, सात कलमं. मी तो शेखांना एकांतात वाचून दाखवला. चार कलमं बरी होती. पाचव्यात होतं की ही विमानं गरजेप्रमाणे शस्त्रं बाळगतील, आणि सरकारच्या शत्रूंचा बंदोबस्त करायला आत मुलखात जातील. शेखांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग तसबीचे मणी फिरवत बसले.

मी विचारलं, हे मुसल्लमला वाचून दाखवायचं ना?

शेख म्हणाले, ‘ते तू ठरव. तो तुझा माणूस आहे. नावा कधी सुटतात, एवढंच मला बघायचंय.’

केवढा विश्वास आहे त्यांचा माझ्यावर. दुसऱ्या कुठल्या शेखाने लेखनिकावर असं सोपवलं असतं?

बाहेर हाजीने मला गाठलं. मुल्ला सालमीन, म्हणाला, पाचवं कलम सगळ्याच करारात असतं. भाड्याच्या पावतीवर अल्लाचं नाव असतं तसं. साध्या माणसाला कशाला घाबरवायचं?

रजब १२, शुक्रवार

नमाजानंतर मुसल्लमला अंगणात बसवलं. शम्मा आडावर होती, पण दोर ओढायची थांबली होती, म्हणजे ऐकत होती.

आधी तो नाहीच म्हणाला. माणसाबरोबर मी चालू शकतो, म्हणाला, वरून जाणाऱ्याबरोबर कसा चालू? मी म्हटलं, चालायचं नाही, मैदानावर उभं राहायचं, तुझं नाव असलं की झालं. नावा सुटतील, गावाला तांदूळ मिळेल. आणि शम्मासाठी शेख दगडी खोली बांधून देणार आहेत. हे शेवटचं मी सांगायला नको होतं, कारण शेख असं काही बोलले नव्हते. पण मी मागितली तर ते देतील.

मग त्याने हाताने वाळू सपाट केली आणि दहा शब्दांपेक्षा जास्त बोलला. म्हणाला, ‘शम्माच्या भावा, नीट ऐक. माझ्या आडून जाणाऱ्याला माझ्या माणसांनी हात लावला, तर त्यांचं तोंड काळं. माझ्या आडून जाणाऱ्याने माझ्या माणसांना हात लावला, तर माझं तोंड काळं, आणि मला मारणं माझ्याच भावांवर फर्ज होतं. मला खोटं सांगून कुणी माझ्यामागे लपलं, तर काळिमा खोटं सांगणाऱ्याचा. आता सांग, ही विमानं काय वाहून नेतात?’

मी म्हटलं, पत्रं. आणि कधीमधी आजारी माणसं.

तो म्हणाला, वाच.

मी करार वाचला. वाचणं हा माझा धंदा आहे. शेखांना कुणाचं तिखट पत्र आलं तर मी त्यातले काटे काढून वाचतो, म्हातारीला मासा द्यावा तसा. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, मग सहावं, सातवं. आवाज कुठे अडखळला नाही. त्याने अंगठा पुढे केला, मी शाई लावली.

शम्माने पोहरा वर ओढला. पाणी सांडत सांडतच.

रजब १५, सोमवार

करारावर शेखांची मोहोर झाली. नावा सुटल्या. नौका गेली. बाजारात लोक मला रस्ता देत होते. जेवण मात्र गेलं नाही.

शाबान ४, शनिवार

आज पहिलं विमान उतरलं. आवाज आधी आला, मग ते. शेळ्या खाडीत घुसल्या. मी खजुरीच्या बुंध्याला मिठी मारून उभा होतो, लोक हसले तर हसोत.

मुसल्लम मात्र मैदानाच्या मधोमध बंदूक खांद्याला अडकवून उभा, जागचा हलला नाही. धूळ बसल्यावर वैमानिक उतरला, कोवळा, पिवळ्या मिशांचा. मुसल्लमने त्याला भाकरी आणि मीठ दिलं. तो पोरगा मांडी घालून बसला आणि सगळं खाल्लं. मुसल्लमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, हा माझ्या चेहऱ्याआड आहे. वाळूला ऐकू जावं, असं.

मग साहेब म्हणाला, सोबती तर बरोबर हवा, चल वर. मला वाटलं मुसल्लम नाही म्हणेल. तो खोगिरावर चढावा तसा चढला.

शाबान ५, रविवार

कालपासून मुसल्लम बोलतोय. शम्मा म्हणते, लग्नापासून एवढा बोलला नव्हता. पुढे पिवळ्या मिशांचा, मागे साहेब मांडीवर मोठा कागद घेऊन, साहेबाच्या पायाशी हा. खालून वाळू सरकते, म्हणाला, जसा उंट बसलाय आणि जग उठून चाललंय. मग हुफैराच्या विहिरी आल्या, त्याच्या लोकांचा हिवाळी मुक्काम. साहेबाने बोटाने विचारलं, हे कोण? याने बोटाने सांगितलं. कुठली विहीर गोड, कुठली खारी, बुरूज कुठला, कुणाचे किती तंबू, सगळं बोटांनी. सोबत्याचं कामच ते, वाटेतलं पाणी आणि माणसं दाखवायची. साहेब कागदावर खुणा करत होता.

‘आत्याच्या तंबूला पांढरं ठिगळ आहे,’ तो शम्माला सांगत होता. ‘ते वरूनसुद्धा दिसतं. मी दाखवलं साहेबाला. म्हटलं, हिने मला वाढवलं.’

शम्मा हसली. आज तिने माझ्या ताटात सुकवलेल्या शार्कचा मोठा तुकडा टाकला, चटईबद्दल मी काही बोललो नाही म्हणून. चला, म्हटलं, चांगलंच झालं म्हणायचं. आणि तो कागद म्हणजे वाट चुकू नये म्हणूनच असणार.

शाबान १७, शुक्रवार

तीन विमानं एकदम आली. पंखांखाली लांबट काहीतरी लटकवलेलं, दोन्ही बाजूंना. मी हाजीला विचारलं, हे काय? तो म्हणाला, टपालाचे डबे. एवढं टपाल कुणाला? वाळवंटात वाचतं कोण?

हाजी म्हणाला, मुल्ला, तुला नसत्या चौकशा. मग आवाज खाली आणून सांगितलं की बनी सुवैरने गेल्या महिन्यात इंग्रजांच्या मोजणीदारांचे उंट पळवले, माणसांवर गोळ्या झाडल्या. साहेब चिडलाय.

मुसल्लम पिवळ्या मिशांच्या पोरासाठी भाकरी घेऊन गेला. तो पोरगा आज खाली बघत होता. भाकरी घेतली नाही. म्हणाला, पोटात दुखतंय.

मी घरी येऊन करारनाम्याची नक्कल काढली आणि पाचवं कलम पुन्हा वाचलं. नंतर नक्कल पेटीच्या तळाशी ठेवली. नंतर पेटीला कुलूप लावलं. काय उपयोग?

शाबान १८, शनिवार

सकाळी तिन्ही विमानं पूर्वेला गेली, वाळूकडे. दोन तासांनी परत आली. डबे नव्हते.

मुसल्लम मैदानातून चालत आला, अंगणात बसला. शम्माने विचारलं तर म्हणाला, काही नाही. माझ्याकडे बघितलं नाही. मी किल्ल्यात गेलो, कारण घरी थांबवेना, आणि शेखांनी मला खजूर देऊन तब्येतीची चौकशी केली. किती दयाळू माणूस. मला रडूच कोसळलं. त्यांनी विचारलंसुद्धा नाही का ते.

शाबान २०, सोमवार

बातमी आली. एक लाकूडविक्या रात्रंदिवस उंट हाकत हुफैराहून आला, त्याच्या उंटाच्या अंगावर रक्ताचे डाग होते, उंटाचे नव्हेत. बुरूज पडला. गोड विहिरीत दगडमाती कोसळली. तंबू जळाले. उंट किती मेले ते त्याने सांगितलं, माणसं किती ते त्याला माहीत नव्हतं. त्याने मेलेल्यांना पुरायला हात लावला आणि निघाला. एका तंबूचं पांढरं ठिगळ तेवढं काठीला लटकत होतं, बाकी काही नव्हतं.

हे त्याने आमच्याच अंगणात सांगितलं. मुसल्लमने त्याला पाणी दिलं. मग उठून माझ्या समोर आला. मला वाटलं, आता. मान खाली घालून उभा राहिलो.

तो म्हणाला, ‘शम्माच्या भावा, त्या कागदात हे होतं का?’

मी नाही म्हणालो. अल्ला मला माफ करो, मी पुन्हा नाही म्हणालो. त्याने मान हलवली, माझ्यावर विश्वास ठेवला, आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

शाबान २१, मंगळवार

गावाबाहेरच्या विहिरीवर बनी सुवैरचे सहा स्वार आले. भाला रोवला, त्याला काळं फडकं बांधलं, आणि मुसल्लमचं नाव बापासकट, आजासकट तीन वेळा पुकारलं. मी गच्चीवर होतो, अक्षर अन् अक्षर ऐकू आलं. तीन दिवसांची मुदत. गुरुवारी सूर्य बुडायच्या आत त्याने उत्तर द्यायचं. नाही दिलं तर त्याला कुणीही मारावं.

शम्माने फडकं पाहिलं. ती आरडली नाही, ओरडली नाही. चूल विझवली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. मला म्हणाली, ‘माझ्या आईच्या लेका, तू शेखांचा माणूस आहेस. काहीतरी कर.’

मुसल्लमला पळ म्हणालो. त्याने अशा नजरेने पाहिलं, जसं मी त्याला कपडे काढून बाजारात फिर म्हणालोय.

शाबान २२, बुधवार

शेखांच्या पाया पडलो. म्हटलं, त्याला किल्ल्यात घ्या. ते म्हणाले, बनी सुवैर उद्या माझे पाण्याचे रस्ते बंद करतील, मी गावाचा बाप आहे, एकट्याचा नाही. बरोबरच आहे त्यांचं. माझा हात धरून शेजारी बसवलं. म्हणाले, पत्र लिही.

त्यांनी सांगितलेला मजकूर असा. आम्ही बनी सुवैरचे शेजारी व मित्र आहोत. आम्ही इंग्रजांना केवळ जमीन दिली. आकाशातून त्यांना तुमच्या विहिरींपर्यंत नेणारा सोबती तुमचाच मुसल्लम आहे, त्याने अंगठा दिला आहे, त्याने वरून बोट करून जागा दाखवल्या आहेत. तुमचा न्याय तुम्ही करा, आमची हरकत नाही.

मी लिहीत होतो आणि माझी लेखणी थांबली. बोटाने जागा दाखवल्याचं शेखांना कोणी सांगितलं? मी तर नाही. म्हणजे साहेबाने, किंवा हाजीने. म्हणजे त्यांना हे सगळं आधीपासून माहीत होतं. मग मला रजबमधली ती बैठक आठवली. गावात बनी सुवैरचा एकच माणूस आहे, हे शेखांना माहीत नव्हतं? मुसल्लमच्या लग्नात त्यांनीच तर उंटीण दिली होती.

शेख म्हणाले, ‘काय झालं, सालमीन? थांबलास का?’

मी म्हटलं, शाई संपली. उद्या सकाळी पक्की प्रत आणतो.

शाबान २३, गुरुवार

दोन पत्रं लिहिली. अक्षर माझं नेहमीसारखं आलं नाही. एक शेखांनी सांगितलेलं. दुसरं असं:

‘मी सालमीन बिन मुबारक, खोर सिद्राचा लेखनिक, शेख रुमैथ यांच्या मोहोरेखाली हे लिहितो. करारात विमानांच्या शस्त्रांचं पाचवं कलम होतं. मुसल्लमने विचारलं की ती काय नेतात, मी म्हणालो पत्रं. मी त्याला कलम वगळून वाचलं. त्याने फसवणुकीत अंगठा दिला. काळिमा माझा.’

मी पहिलं पत्र शेखांसमोर धरलं नाही. दुसरं धरलं, आणि वाचलं पहिलं. तोंडपाठ होतं. शेजारी व मित्र, केवळ जमीन, तुमचा न्याय तुम्ही करा. शेख डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, ‘मित्र’च्या आधी ‘जुने’ घाल. मी ‘जुने’ असं लिहिल्यासारखं केलं. त्यांनी मोहोर लावली आणि म्हणाले, तुझ्याशिवाय माझं कसं झालं असतं.

पत्र मी स्वतःच विहिरीवर नेलं. जवळ गेलो नाही, मशिदीच्या मौलवींच्या हातात दिलं, बनी सुवैरला पत्रं तेच वाचून दाखवतात. सूर्य बुडायला दोन हात होते. मी धावत घरी आलो आणि आडाचं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. शम्माने पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, ऊन लागलं.

शाबान २४, शुक्रवार

काल सूर्य बुडायच्या आत काळं फडकं उतरलं. मी देवाचे आभार मानायला सुरुवात केली होती. मग त्यांनी तेच फडकं पुन्हा बांधलं आणि नाव पुकारलं.

सालमीन बिन मुबारक. सालमीन बिन मुबारक. सालमीन बिन मुबारक.

अकरा वर्षं मी दुसऱ्यांची नावं लिहीत आलो. गावात बऱ्याच जणांना माझ्या बापाचं नाव काल कळलं असेल. शेखांनाही कळलं असणारच, किल्ल्याचं दार सकाळपासून बंद आहे आणि पहारेकरी माझ्या सलामाला उत्तर देत नाहीत. मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. भांडं पडलं तरी दचकतोय.

शम्माने माझ्याशी बोलणं टाकलंय. जेवण पुढ्यात ठेवते आणि जाते. ठीकच आहे. खोटं मी तिच्यासमोर बोललो होतो, ती आडावर होती.

मुसल्लम अंगणाच्या दारात बसलाय, बंदूक मांडीवर. पहाटेपासून तोंड रस्त्याकडे. कायद्याने मला मारायचा पहिला हक्क त्याचा आहे. तो हक्क दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायचा नाही म्हणून बसलाय, की कशासाठी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

शाबान २५, शनिवार

सकाळी मुसल्लम आत आला. माझ्या चटईवर बसला, खोगीर शेजारी ठेवलं. भाकरीचा तुकडा मोडला, मिठात बुडवला आणि माझ्यापुढे धरला. तुकडा माझ्या हातून दोनदा पडला. तिसऱ्यांदा त्याने तो उचलून माझ्या तोंडात घातला.

‘माझा चेहरा तू धुतलास,’ तो म्हणाला. ‘आता तो पुन्हा कुणालाही आड घेऊ शकतो. तू माझ्या चेहऱ्याआड आहेस. दुपारी निघायचं, हुफैराला. तीन दिवसांची वाट आहे आणि खाल्लेल्या मिठाची राखण तीन दिवस पुरते.’

मी विचारलं, तिथे पोचल्यावर?

तिथे पोचल्यावर म्हाताऱ्यांसमोर बसायचं, म्हणाला, आणि जे झालं ते सांगायचं. सगळं, काटे न काढता. पुढे ते ठरवतील. मी तुझ्या उजव्या बाजूला बसेन, एवढंच मला करता येतं.

मी जाणार आहे. इथे राहिलो तर शेख आहेत, तिथे गेलो तर ते लोक आहेत, आणि मधल्या तीन दिवसांत माझ्या बाजूला चालणारा एक माणूस आहे. मी उंटावर नीट बसूसुद्धा शकत नाही, हे त्याला माहीत आहे. शम्माने खजूर बांधून दिला. गाठ मारताना माझ्या हातावर हात ठेवला, क्षणभरच, पण ठेवला. ही वही तिच्याकडे ठेवून जातो. तिला वाचता येत नाही. कुणाकडून वाचून घेतलीस, शम्मा, तर त्याला सांग, काही गाळू नको.

कलमदान घरीच ठेवणार होतो. मुसल्लमने ते पेटीवरून उचलून माझ्या पिशवीत घातलं. म्हणाला, विहिरीवरच्या स्वारांनी सांगितलं, तिकडे सतरा माणसं मेलीत आणि लिहिणारं कुणी नाही. एक पोर दोन वर्षांचं आहे. विसरून जातील लोक.

‘पहिलं नाव आत्याचं,’ तो म्हणाला. ‘अफ्रा बिन्त सुल्तान. चुकवू नकोस.’

मी हातावरच लिहून घेतलं.